एमएमए आशियाई स्पर्धेत आलं, मग ऑलिम्पिकला का नाही? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ एप्रिल २०२५ ला नागोयात आशियाई क्रीडा स्पर्धेच्या आयोजन समितीची बैठक झाली आणि तिथे दोन खेळांवर एकदमच शिक्कामोर्तब झालं: क्रिकेट आणि एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. आपल्याकडे बातमी गाजली ती क्रिकेटची. एमएमएची ओळ खाली कुठेतरी राहून गेली. पण तालमीतली पोरं, त्यांचे आईवडील आणि रविवारी सकाळी चहा घेत यूएफसी या अमेरिकन कंपनीच्या धंदेवाईक एमएमए लढती बघणारी मंडळी तेव्हापासून तेच ते प्रश्न विचारताहेत. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, ती मी लपवलेली नाहीत.

एमएमए आणि किकबॉक्सिंग यांत फरक काय?

किकबॉक्सिंगमध्ये गडी खाली पडला की लढत थांबते. एमएमएमध्ये तिथून दुसरा अंक सुरू होतो. ठोसे, लाथा, गुडघे हे उभ्याने; मग पकड, पट काढणं, खाली पाडणं; आणि जमिनीवर गेल्यावर हात मुरगाळणं, गळा आवळणं. समोरच्याने हाताने दोन-तीनदा थोपटलं की त्याने हार मानली. चावणं, डोळ्यात बोट घालणं, डोक्याने धडक देणं, मानेच्या मागे किंवा जांघेत मारणं, हे सगळं बाद.

आज हा खेळ कुठल्या मोठ्या स्पर्धेत आहे आणि कुठल्यात नाही?

आशियाई क्रीडा स्पर्धेत आहे. आयची-नागोया स्पर्धेच्या (१९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६) कार्यक्रमात पुरुष आणि महिला मिळून एमएमएची सहा सुवर्णपदकं धरली आहेत. जुजित्सू (जपानी पकडीची झुंज) आणि कुराश (उझबेकिस्तानची उभ्याने खेळायची कुस्ती) यांच्या जोडीने 'झुंजीचे खेळ' या एकाच गटात त्याला जागा मिळाली. त्याआधी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बहारीनच्या आशियाई युवा स्पर्धेत त्याची चाचणी होऊन गेली होती.

ऑलिम्पिकमध्ये नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत नाही. ऑलिम्पिकबाहेरच्या खेळांसाठी भरणाऱ्या वर्ल्ड गेम्समध्येही नाही. तिथे जुजित्सू, मुए थाई (थाई बॉक्सिंग) आणि किकबॉक्सिंग खेळले जातात.

टीव्हीवर जे बघतो तेच आशियाई स्पर्धेत असतं का?

नाही, आणि निम्मा वाद या एका गैरसमजातून होतो. यूएफसीत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, विजेतेपदाची लढत असेल तर पाच. हातमोजे चार ते सहा औंसांचे, म्हणजे बोटं मोकळी आणि बोटांच्या सांध्यांवर जेमतेम गादी. कोपराने मारायला परवानगी. चेहऱ्यावर ज्या भेगा पडतात आणि ज्या चित्रांमुळे लोक चॅनेल बदलतात, त्यांतल्या बऱ्याचशा कोपराच्या असतात.

हौशी लढतीत फेऱ्या तीन मिनिटांच्या. हातमोजे जाड, नडगीवर पॅड, अंगात घट्ट बसणारा शर्ट. कोपर पूर्ण बंद, डोक्यावर गुडघा बंद, घोटा-गुडघा पिळून अस्थिबंध तोडणारे काही डावही बंद. पंचही लवकर मध्ये पडतात. एखाद्याने तीन-चार ठोसे उत्तर न देता खाल्ले की लढत संपली. रक्त क्वचित दिसतं. धंदेवाईक लढत बघायची सवय असलेल्याला हे अळणी वाटेल, पण बहुक्रीडा स्पर्धेत येऊ शकतो तो हाच खेळ. त्याच्याबद्दल मत बनवायचं तर हा बघून बनवावं.

इतका हिंसक खेळ खेळांच्या मेळ्यात हवाच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यामुळे जरा सविस्तर.

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली तेव्हा वजनगट नव्हते, फेऱ्या नव्हत्या आणि नियम नावापुरते होते. काही वर्षांनी सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला 'माणसांच्या कोंबड्यांच्या झुंजी' म्हटलं, आणि तेव्हाचं चित्र बघता ते फारसं चुकलेही नव्हते. पण २०००-०१ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने लिखित नियमावली आणली आणि हळूहळू सगळीकडे तीच चालू झाली. न्यूयॉर्कने धंदेवाईक एमएमएवरची बंदी २०१६ मध्ये उठवली, फ्रान्सने २०२० मध्ये. ज्या खेळावर आपण चिडतो तो बऱ्याचदा १९९३ चा असतो.

आता दुखापतींकडे या. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी धंदेवाईक लढवय्यांच्या लढतीनंतरच्या तपासण्या पाहिल्या. एमएमएत सुमारे ५९ टक्के खेळाडूंना काही ना काही लागलेलं होतं, बॉक्सिंगमध्ये सुमारे ५०. मात्र शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सिंगमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास आणि एमएमएत ४ च्या. कारण समजायला अवघड नाही. बॉक्सिंगमध्ये दुसरीकडे जायला वाटच नसते, डोक्यावरच मार. शिवाय पडलेला गडी दहा मोजेपर्यंत उठून पुन्हा डोकं पुढे करतो. एमएमएत लढतीचा बराच वेळ पकडीत जातो आणि पडल्यावर सावरला नाही तर सामना तिथेच संपतो.

याचा अर्थ एमएमए सुरक्षित आहे असा नाही. मेंदूला बसणारा मार हा मारच. पण १९०४ पासून ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग चालतं, २०१६ पासून पुरुष बॉक्सर शिरस्त्राणाशिवाय खेळतात, आणि त्याच तोंडाने एमएमए रानटी म्हणायचं, हे मला पटत नाही. दोन्ही नकोत म्हणणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं सुसंगत आहे. एकच नको म्हणणाऱ्यांचं नाही.

आणखी एक लढत आठवते. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक, बुडोकान सभागृह, कराटेतली ७५ किलोवरच्या पुरुषांची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. त्याची उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला अशी बसली की तो जागेवर आडवा झाला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की सुवर्णपदक आपलं आहे. लाथेवर ताबा ठेवला नाही म्हणून हमेदी बाद ठरला होता. नियमाप्रमाणे निकाल बरोबरच होता. पण घरी बसून बघणाऱ्याला काय समजावणार? मारायचं, पण लागता कामा नये, या कसरतीत कराटे अडकलं. पॅरिसला ते नव्हतं. ते याच एका लढतीमुळे नव्हे, पण अशा निकालाने खेळाची बाजू बळकट होत नाही. एमएमएत निदान हा घोळ नाही. ज्याचा फटका बसला, तो जिंकला.

प्राचीन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ होताच ना?

होता, 'पँक्रेशन' नावाने, इसवी सनपूर्व ६४८ पासून. चावणं आणि डोळे काढणं सोडून सगळं चालायचं. इ.स.पू. ५६४ मध्ये फिगालियाचा ॲरिकिऑन गळा आवळला जात असतानाच समोरच्याचा पाय मोडून बसला. समोरच्याने हार मानली, ॲरिकिऑन तोवर मेला होता, आणि मेलेल्याला विजेता ठरवलं गेलं. एमएमएचे प्रचारक ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. माझ्या मते ती सांगू नये, तिने त्यांचंच नुकसान होतं. रथांच्या शर्यतीही होत्या प्राचीन ऑलिम्पिकमध्ये.

मग घोडं अडलंय कुठे?

संघटनेत. रक्तात नव्हे, कागदपत्रांत.

ऑलिम्पिकच्या दारात उभं राहायला खेळाची जगभरात एकच मान्य संघटना लागते, तिने उत्तेजक द्रव्यविरोधी संहिता पाळावी लागते, देशोदेशी तिच्या शाखा लागतात आणि त्या शाखांना आपापल्या सरकारांची व ऑलिम्पिक संघटनांची मान्यता लागते. एमएमएत काय झालं? २०१२ मध्ये स्वीडनमध्ये 'आयमॅफ' ही आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, त्याच वर्षी मोनॅकोत दुसरी. २०१८ मध्ये दोघी एकत्र आल्या, आणि त्याच सुमारास बाहेर पडलेल्यांनी 'गामा' ही तिसरी उभी केली. आशियाई ऑलिम्पिक परिषदेने हात धरला तो या गामाशी जोडलेल्या आशियाई संघटनेचा. आयमॅफच्या जागतिक स्पर्धा वेगळ्या, गामाच्या वेगळ्या, जगज्जेतेही वेगवेगळे. आयमॅफने जागतिक क्रीडा महासंघांच्या शिखर संघटनेकडे अर्ज केला तोही मान्य झाला नाही. त्यामागे जुन्या मार्शल आर्ट्सच्या संघटनांचा विरोध आहे, असं आयमॅफ उघडपणे म्हणत आली. आपल्या ताटातला वाटेकरी कुणाला हवा असतो?

संघटना बिघडली की शंभर वर्षांचा खेळही गोत्यात येतो, हे बॉक्सिंगने दाखवलं. पैशांचे व्यवहार, पंचगिरीतले घोटाळे यांवरून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला २०१९ मध्ये निलंबित केलं आणि २०२३ च्या जूनमध्ये तिची मान्यताच काढून घेतली. टोकियो आणि पॅरिसच्या बॉक्सिंग स्पर्धा समितीने स्वतः चालवल्या. 'वर्ल्ड बॉक्सिंग' ही नवी संघटना उभी राहिली, तिला २०२५ च्या फेब्रुवारीत तात्पुरती मान्यता मिळाली आणि मग मार्चमध्ये कुठे लॉस एंजेलिस २०२८ साठी बॉक्सिंगचं नाव पक्कं झालं. ज्या खेळाने मोहम्मद अली दिला त्याची ही गत. एमएमएने आधी घरचं भांडण मिटवावं.

एका स्पर्धेत चार-पाच लढती शरीराला झेपतील का?

सगळ्या वादातला खरा वैद्यकीय प्रश्न हाच आहे आणि तो फार कमी लोक विचारतात.

धंदेवाईक लढवय्या वर्षात दोन-तीनदा पिंजऱ्यात, म्हणजे जाळीने वेढलेल्या रिंगणात, उतरतो. नॉकआउट झाला तर डॉक्टर त्याला सहसा महिना-दोन महिने लढायला बंदी करतात. बहुक्रीडा स्पर्धेत मात्र आठवड्याच्या आत पहिली फेरी ते अंतिम लढत उरकायची असते. उपांत्य फेरी जिंकताना ज्याच्या डोक्याला चार जोरदार ठोसे बसले, त्याला दुसऱ्या दिवशी पदकासाठी उतरवायचं का? पदक समोर दिसत असताना 'चक्कर येतेय' असं कुठला खेळाडू सांगेल?

विश्रांतीचा प्रश्न झुंजीच्या खेळांत जुना आहे. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांची जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती संपली आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्हसमोर उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे मिळायची ती अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली नाही आणि त्यांच्या बाजूने भांडायला तिथे आपला कुणी अधिकारी नव्हता, अशी हकिगत आपल्याकडे सांगितली जाते. खाशाबांच्या वाट्याला कांस्य आलं. ती कुस्ती होती, डोक्यावर ठोसे नव्हते.

यावर उपाय आहेत. प्रत्येक गटात आठच खेळाडू घेतले तर अंतिम फेरी गाठणाऱ्याला तीनच लढती होतात. मध्ये किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवता येतो. कांस्यपदकाची लढत न खेळवता बॉक्सिंगसारखी दोन कांस्यपदकं देता येतात. आणि डोक्यावर मार बसून सामना थांबला तर, जिंकला असो वा हरला, स्वतंत्र डॉक्टरच्या सहीशिवाय पुढची लढत नाही, असा नियम करता येतो. यांतली शेवटची अट जी स्पर्धा पाळणार नाही तिथे एमएमए असू नये. या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

वजन उतरवण्याचं काय?

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ कुणी विसरलेलं नाही. पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठून बसली होती. दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अख्ख्या स्पर्धेतूनच बाद झाली. रात्रभर धावणं, सॉना, केस कापणं, काही उपयोगाला आलं नाही.

एमएमएत हा रोग जास्त मुरलेला आहे, कारण धंदेवाईक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं आणि पुढच्या २४ तासांत खेळाडू पाणी पिऊन कित्येक किलो परत भरतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मनिलात यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या स्पर्धेच्या आयोजकांनी, 'वन चॅम्पियनशिप'ने, शरीरातलं पाणी तपासायची पद्धत आणली. लघवीच्या चाचणीत पाणी कमी दिसलं तर वजन बरोबर असूनही नापास.

बहुक्रीडा स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन घ्यावं लागतं, त्यामुळे पाणी काढून पुन्हा भरायची चलाखी आपोआप आवरते. त्याला पाण्याच्या चाचणीची जोड दिली तर एमएमए या बाबतीत कुस्तीच्याही एक पाऊल पुढे जाईल. कुस्तीवाल्यांनीही ते उचलायला हरकत नाही.

यूएफसीचे नावाजलेले खेळाडू येतील का?

विसरा. त्यांचे करार एका कंपनीशी बांधलेले असतात आणि तिला या मेळ्याची गरज नाही. २०२६ पासूनच्या सात वर्षांसाठी पॅरामाउंटने यूएफसीला प्रक्षेपणाचे ७.७ अब्ज डॉलर कबूल केले आहेत. बॉक्सिंगने २०१६ मध्ये रिओचं दार धंदेवाईकांना उघडलं, तर जेमतेम तिघे आले. त्यांतला हसन एनदाम पहिल्याच लढतीत घरी गेला.

आजवर वाट उलटी वाहिली आहे. रोंडा राउझी २००८ ची ज्यूदोतली कांस्यविजेती; हेन्री सेहुदो त्याच वर्षीचा कुस्तीतला सुवर्णविजेता; केला हॅरिसन २०१२ आणि २०१६ ची ज्यूदो सुवर्णविजेती. तिघेही पुढे यूएफसीचे विजेते झाले. ऑलिम्पिकमधून पिंजऱ्यात लोक जातात, पिंजऱ्यातून ऑलिम्पिकला कुणी येत नाही.

निकाल पंचांच्या हातात म्हणजे घोटाळे आलेच?

येतील. सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत १९८८ मध्ये पंचांनी अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्सला हरवलं, तो अन्याय आजही बॉक्सिंगचा पिच्छा पुरवतो. एमएमएत तीन पंच दर फेरीला १०-९ असे गुण देतात आणि खाली दाबून धरणाऱ्याला जास्त द्यायचे की खालून डाव लावणाऱ्याला, यावर अजून भांडणं होतात. मात्र बऱ्याच लढती गुणांपर्यंत जातच नाहीत.

झुंजीचे इतके खेळ असताना आणखी एक कशाला?

प्रश्न रास्त आहे. पॅरिसमध्ये कुस्तीची १८, ज्यूदोची १५, बॉक्सिंगची १३ आणि तायक्वांदोची ८ अशी ५४ सुवर्णपदकं या चार खेळांत वाटली गेली. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंची संख्या साधारण १०,५०० च्या घरात ठेवायची असते. नवा खेळ आला की कुणाच्या तरी जागा जाणार.

जागा मिळवणं किती अवघड असतं ते आपल्या मुंबईतच दिसलं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं आणि लॉस एंजेलिससाठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल हे पाच खेळ घेतले गेले. छाननी यादीत कराटे आणि किकबॉक्सिंगही होते, दोन्ही गळाले. यजमान देशाला कुठल्या खेळात रस आहे आणि कुठल्या बाजारातून प्रेक्षक येणार, यावर हे ठरतं. एमएमएची यादीत चर्चाही नव्हती, आणि यजमान तर अमेरिका, जिथे या खेळाची सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे. यावरून काय ते समजावं.

आपल्या कुस्तीवर संक्रांत येईल का?

कोल्हापूर-सांगलीकडून हाच प्रश्न येतो, आणि भीती उगाच नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीच काढून टाकायची शिफारस केली होती. १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकमधला खेळ, तरीही. मग जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, नियम सोपे केले, महिलांचे गट चारवरून सहा केले, आणि सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सला मतदानात कुस्ती परत आली. राष्ट्रकुल स्पर्धेत तर २०२६ च्या ग्लासगोत कुस्ती नाहीच. दहाच खेळ ठेवले, त्यांत ज्यूदो आणि बॉक्सिंग आहेत, कुस्ती गेली.

यांतलं काहीही एमएमएमुळे झालेलं नाही. पण उद्या 'झुंजीच्या खेळांचा एक गट' करून त्यातच सगळ्यांना बसवायचं ठरलं, जसं नागोयाने केलं, तर जागांची ओढाताण अटळ आहे. माझी भूमिका साधी आहे: एमएमए यावं, पण कुस्तीची एकही जागा न घेता. घ्यायचीच असेल तर बाहेर थांबावं.

तालमीला मात्र एमएमएची भीती वाटायचं कारण नाही. या खेळात कुस्तीगीराला जेवढी किंमत आहे तेवढी दुसऱ्या कुणालाही नाही, कारण लढत उभ्याने होणार की जमिनीवर, हे तोच ठरवतो. पट काढणारा, ढाक लावणारा पोरगा निम्मं काम शिकूनच आलेला असतो. मुंबईचा भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीपर्यंत पोहोचला तो कुस्तीच्या पायावर. शांघायमध्ये पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळला गेला. मान खाली घालून पटात शिरायची सवय कुस्तीत चालते, इथे तीच मान समोरच्याच्या काखेत सापडते. कुस्ती सोडून येणाऱ्या प्रत्येकाला ही सवय मोडायला वेळ लागतो.

मग तुमचं मत काय, हवं की नको?

आशियाई स्पर्धेत हवं. मध्य आशियातले देश, बहारीन, फिलिपाईन्स, थायलंड, कोरिया, जपान, सगळीकडे झुंजीच्या खेळांची परंपरा आहे आणि हौशी एमएमएत आशियाची ताकद खरी आहे. बहारीनने तर २०१७ पासून सलग तीन वर्षं आयमॅफच्या जागतिक स्पर्धा भरवल्या. ऑलिम्पिकमध्ये आत्ता नको: संघटना एक होईपर्यंत आणि डोक्याच्या दुखापतीचा नियम कागदावर येईपर्यंत.

यजमानाने आपल्या सोयीचे खेळ भरायचे, हा आशियाई स्पर्धेतला धोका मात्र आहे. २०१८ मध्ये जकार्तात पेंचक सिलाट या तिथल्या मार्शल आर्टची १६ सुवर्णपदकं होती; त्यांतली १४ यजमान इंडोनेशियानेच नेली. जपानमध्ये एमएमएची सहाच सुवर्णपदकं ठेवली आहेत, हे त्या मानाने शहाणपणाचं.

भारताला पदकं मिळतील का?

लगेच रांग लागणार नाही. पण नव्या खेळात दार उघडं असतं. जकार्तात कुराश पहिल्यांदा आलं तेव्हा बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने ५२ किलोत कांस्य आणलं. ती मुळात ज्यूदोतली. ज्यूदोत आशियात जपान-कोरियाच्या पोरींमधून वाट काढणं महाकठीण. कुराशने तिला दुसरी वाट दिली. एमएमएत अशी वाट वुशू या चिनी मार्शल आर्टमधल्या आणि कुस्तीतल्या मुलींना मिळू शकते. यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला पूजा तोमर (जून २०२४) वुशूतूनच आली. वुशूच्या सांदा या झुंजीच्या प्रकारात मणिपूरच्या रोशिबिना देवीने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं आहे. म्हणजे बी आहे.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. तिथे एमएमए येईल?

अहमदाबादने प्रयत्न करायचाच असेल तर आधी ग्लासगोत गळालेली कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन आणि नेमबाजी परत आणावी.

माझा मुलगा एमएमए शिकतो. पदक मिळालं तर नोकरीत उपयोग होईल का?

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांना, ठरावीक स्पर्धांना आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रमाणपत्राला. भारतात एमएमएच्या नावाने एकाहून जास्त संघटना 'राष्ट्रीय' स्पर्धा भरवतात, पदकं देतात, शुल्कही घेतात. गोव्यात २०२३ ला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पेंचक सिलाट आणि स्के (काश्मिरी मार्शल आर्ट) होते, एमएमए नव्हतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र कुणाचं आहे ते बघा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन ते चालतं का, हे विचारून घ्या. शक्य तर लेखी घ्या. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने संघटनांना मान्यता देणारं मंडळ आणायचं ठरवलं आहे आणि एका खेळाला एकच राष्ट्रीय संघटना हे त्याचं सूत्र आहे. एमएमएची कुठली संघटना त्या गाळणीतून जाते, यावर तुमच्या मुलाच्या प्रमाणपत्राची किंमत ठरेल.

तोवर त्याला कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग किंवा वुशू यांपैकी एका खेळात जिल्हा-राज्य पातळीवर खेळू द्या. प्रमाणपत्राचा प्रश्न सुटतो आणि एमएमएचा पायाही तिथेच पक्का होतो. वयाच्या पंधरा-सोळापर्यंत डोक्यावर मार घेणारा सराव करू देऊ नका, वस्ताद कितीही नावाजलेला असो.

लढत बघायला बसलो तर नेमकं काय बघायचं? खाली पडल्यावर काही कळत नाही.

खाली पडल्यावर कंबर बघा. वरच्या गड्याची कंबर खालच्याच्या पायांच्या मध्ये अडकली असेल तर खालचा अजून सुरक्षित आहे. तो पायांनी ढकलू शकतो, हात पकडून मुरगाळू शकतो. वरच्याने पाय ओलांडून छातीवर बैठक मारली की डाव पालटला. पाठीवर चढून दोन्ही पाय पोटाभोवती अडकवले तर गळ्याकडे लक्ष ठेवा, पुढच्या काही सेकंदांत हात हनुवटीखाली जातो का ते दिसेल. तो जाऊ नये म्हणून खालच्याची हनुवटी छातीला टेकलेली असते आणि दोन्ही हात त्या एका मनगटाला ओढत असतात. तिथे पंच गुडघ्यावर बसून अगदी जवळून बघत असतो. खालच्याचा एक हात सैल पडला, की त्याने हार मानायची वाट न बघता पंच लढत थांबवतो.